हलक्या कुलपाचे वजन

पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागला नाही. पोस्टकार्ड पोस्टमनसकट वाटेतल्या कोणालाही वाचता येते. आंतरदेशीय पत्र घडी घालून चिकटवलेले असते. आणि महत्त्वाचा कागद असेल तर त्याचा लाखोटा करीत. लाखेची मोहोर अभंग असेल तर दोन गोष्टी कळतात: आतले कोणी वाचले नाही आणि आतले कोणी बदललेलेही नाही.

आता कागदाच्या जागी वीजमीटर, पाण्याचा मीटर, शेतातला ओलावा मोजणारा खुंट, दाराच्या कुलपातली चिप यांचा विचार करा. ही यंत्रे दर थोड्या वेळाने रेडिओलहरींवर एक छोटे पत्र पाठवतात. हवेत सोडलेले पत्र म्हणजे उघडे पोस्टकार्डच. त्याचा लाखोटा करायचा, तर गणित करावे लागते. गणिताला ऊर्जा लागते. आणि यंत्रात असते एखादी छोटी सेल, जी दहा वर्षे पुरावी अशी अपेक्षा असते. म्हणून 'हलके कूटलेखन' नावाची एक शाखाच गेल्या वीस वर्षांत उभी राहिली.

या शाखेतला सर्वांत वजनदार दस्तऐवज ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेची राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच निस्ट, हिने 'विशेष प्रकाशन ८००-२३२' या नावाने अॅस्कॉन ही पद्धत मानक म्हणून जाहीर केली. तुटपुंज्या साधनांच्या यंत्रांसाठी हे कुलूप वापरा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता 'हलके हवे ना? मग अॅस्कॉन' असे उत्तर पाठ करू लागतील. ते उत्तर कुठे बरोबर आहे आणि कुठे अपुरे आहे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू.

लाखोटा कसा होतो?

आधी वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ. मीटरचे वाचन आहे ४२१७. मीटर आणि वीज कार्यालय या दोघांनाच ठाऊक असलेला एक आकडा आहे ८३६५. दोन्हींची बेरीज करा, पण हातचा न घेता. प्रत्येक स्थान वेगळे. ४ आणि ८ बारा, लिहा २. २ आणि ३ पाच. १ आणि ६ सात. ७ आणि ५ बारा, लिहा २. हवेत जाईल २५७२. कार्यालय तशीच हातच्याशिवाय वजाबाकी करून ४२१७ परत मिळवील. मधल्या माणसाला २५७२ वरून काहीही कळणार नाही, कारण ८३६५ च्या जागी कोणताही आकडा असू शकला असता.

आता पुढचे वाचन आले ४२३१, आणि आपण आळसाने तोच ८३६५ पुन्हा वापरला. हवेत जाईल २५९६. चोरून ऐकणाऱ्याजवळ आता २५७२ आणि २५९६ असे दोन आकडे आहेत. त्याने हातच्याशिवाय वजाबाकी केली: ००२४. गुप्त आकडा आपोआप उडाला! मीटर पुढेच सरकतो हे माहीत असल्यामुळे वापर २४ किंवा, हातचा धरला तर, १४ युनिट हे त्याने ताडले. आणि ज्या दिवशी त्याला वजाबाकी ०००० मिळेल, त्या दिवशी त्याला कळेल की घराला कुलूप आहे, मंडळी गावाला गेली आहेत. गुप्त आकडा त्याला कधीच कळला नाही, तरी घरफोडीला लागणारी माहिती मिळाली.

म्हणून खऱ्या पद्धतींत दर पत्राला वेगळा आकडा वापरतात. तो गुप्त किल्ली आणि एक चालता क्रमांक यांच्यापासून बनवला जातो. हा क्रमांक गुप्त नसला तरी चालतो, पण एका किल्लीखाली तो पुन्हा कधीही यायला नको. शाळेच्या कार्यालयात प्रत्येक पत्राला जावक क्रमांक घालतात आणि एकच क्रमांक दोन पत्रांना पडू देत नाहीत, अगदी तसाच. त्याला आपण जावक क्रमांकच म्हणू.

खेळाचा दुसरा भाग. २५९६ हे पत्र वाटेत कोणी अडवले आणि त्यातला ९ बदलून ७ केला. कार्यालयात पोचले २५७६, उलगडले ४२११. वाचता न येताही वीस युनिट कमी करता आले! म्हणजे नुसते झाकणे पुरत नाही, मोहोरही लागते. मोहोर म्हणजे संपूर्ण पत्र आणि किल्ली यांवरून काढलेला एक छोटा आकडा. पत्रातले एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही. झाकणे आणि मोहोर लावणे ही दोन्ही कामे एकदम करते, ती पद्धत म्हणजे लाखोटा. अॅस्कॉन असा लाखोटा करते.

मानकाची भक्कम बाजू

टीका करण्यापूर्वी या मानकाचे श्रेय मोजून द्यायला हवे, कारण ते मोठे आहे. ते ज्या रीतीने निवडले गेले, ती रीत पूर्वीच्या चुकांवरून शिकलेली आहे.

१९९४ साली बाजारात आलेले मायफेअर क्लासिक हे बिनस्पर्शाचे कार्ड आठवा. लंडनच्या ऑयस्टर कार्डात आणि हॉलंडच्या प्रवासी कार्डात हीच चिप होती. तिच्यातले कुलूप हलके होते: किल्ली ४८ बिटांची आणि पद्धत कंपनीने गुप्त ठेवलेली. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनमधल्या एका परिषदेत संशोधकांनी चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची मांडणी वाचून, ती गुप्त पद्धत कशी उलगडली हे दाखवले. २००८ मध्ये नायमेगेनच्या राडबाउड विद्यापीठाने तिचे दोष सविस्तर मांडले. कंपनी शोधनिबंध थांबवण्यासाठी न्यायालयात गेली. न्यायालयाने नकार दिला. लपवलेले दोष लपवल्यामुळे नाहीसे झाले नव्हते, फक्त तज्ज्ञांच्या नजरेआड राहिले होते.

यात नवे काहीच नव्हते. ऑगस्ट केर्कहोफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की सांकेतिक लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असते, तरी आपण बाजारातून कुलूप आणतोच की! केर्कहोफ्स शिक्षक होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडावी.

दुसरा धडा विश्वासाचा. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने सायमन आणि स्पेक अशा दोन अतिशय हलक्या पद्धती प्रसिद्ध केल्या. गणिती दृष्टीने त्या चटपटीत होत्या. परंतु त्याच वर्षी त्या संस्थेच्या पाळतीची कागदपत्रे जगापुढे आली. रचनेमागची कारणे पुरेशी सांगितली नाहीत, असा आक्षेप अनेक देशांच्या तज्ज्ञांनी घेतला आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या हलक्या कूटलेखनाच्या मानकात त्यांना जागा मिळाली नाही. कुलूप चांगले असूनही लोहारावर भरवसा नसेल, तर ते कोणी दाराला लावत नाही.

निस्टने या दोन्ही धड्यांचा मान राखला. २०१८ मध्ये जाहीर आवाहन केले. ५७ पद्धती आल्या, ५६ विचारात घेतल्या, ३२ दुसऱ्या फेरीत गेल्या, मार्च २०२१ मध्ये १० उरल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अॅस्कॉनची निवड झाली. सगळ्या पद्धती उघड्यावर मांडलेल्या, जगभरचे गणिती त्या फोडायला मोकळे. अॅस्कॉन ही २०१४ मधली रचना, ऑस्ट्रियातील ग्राझच्या तंत्रविद्यापीठाशी निगडित असलेल्या डोब्राउनिग, आइखल्सेडर, मेंडेल आणि श्लेफर या चौघांची. २०१९ मध्ये दुसऱ्या एका जागतिक स्पर्धेतही हलक्या यंत्रांसाठी तिलाच पहिली पसंती मिळाली होती. म्हणजे मानक होईपर्यंत तिने दहा वर्षांहून अधिक हल्ले सोसले आहेत.

रचनाही देखणी आहे. ६४ बिटांच्या पाच ओळी, म्हणजे ३२० बिटांची एक पाटी. तिच्यावर बिटांची उलटापालट, सरकवणे आणि मिसळणे एवढीच साधी कामे फेऱ्याफेऱ्यांनी करायची. मोठ्या कोष्टकात बघून आकडा उचलण्याची गरज नाही. त्याचा एक फायदा पुढे येणार आहे, तो ध्यानात ठेवा. शिवाय याच पाटीवर लाखोटाही होतो आणि मजकुराचा ठसा काढण्याचे कामही होते; दोन वेगळी यंत्रे लागत नाहीत.

किल्ली १२८ बिटांची. ती एवढी लांब का? सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र घ्या. ४० बिटांच्या सगळ्या किल्ल्या ते अठरा मिनिटांत संपवील, ४८ बिटांच्या सव्वातीन दिवसांत. ८० बिटांना जवळजवळ चार कोटी वर्षे लागतील. पण अशी एक लाख यंत्रे लावली तर चारशे वर्षांच्या आतच, म्हणजे ती काठावरची झाली. १२८ बिटांना मात्र एकावर बावीस शून्ये इतकी वर्षे लागतील. किल्लीची लांबी बेताची वाढवली की काम घातांकाने वाढते. हा धडा दहावीच्या गणितातही सांगण्याजोगा आहे.

पण वजन कशाचे?

इथून माझी तक्रार सुरू होते. 'हलके' हा शब्द ऐकला की प्रश्न पडावा: कोणत्या तराजूवर?

हलक्या कूटलेखनाच्या साहित्यात बहुतेक वेळा चिपवरची जागा आणि गणिताला लागणारा वेळ मोजतात. जागा मोजायचे माप म्हणजे गेट, चिपमधली तर्काची लहानात लहान खोली. २००७ मध्ये प्रेझेंट नावाची पद्धत सुमारे १५७० गेटांत बसली तेव्हा मोठे कौतुक झाले. त्या मानाने जुनी व सर्वमान्य पद्धत एईएस, २००१ पासूनचे अमेरिकी मानक, जाडजूड समजली जाई. पण २०११ पर्यंत तीही सुमारे २४०० गेटांत बसवून झाली. निस्टच्या आवाहनातही अपेक्षा हीच होती, की नवी पद्धत छोट्या यंत्रांवर आधीच्या मानकांपेक्षा लक्षणीय सरस ठरावी.

आता सेलवर चालणारे एक खरे यंत्र घेऊ. लांब पल्ल्याच्या, कमी ऊर्जेच्या रेडिओसाठी लोरावॅन ही पद्धत जगभर वापरतात आणि तिच्यात कुलूप आहे तेच 'जड' एईएस. यंत्राने २० बाइटचे वाचन पाठवायचे आहे. पत्ता, जावक क्रमांक, मोहोर वगैरे धरून १३ बाइट आणखी, एकूण ३३. साधा आठ बिटांचा प्रोसेसर एईएसचा एक ठोकळा साधारण ३००० टिकांत करतो. झाकणे आणि मोहोर मिळून पाच ठोकळे, म्हणजे १५,००० टिका. प्रोसेसर सेकंदाला ८० लाख टिका करीत असेल तर वेळ लागला सुमारे २ सहस्रांश सेकंद.

आणि तेच ३३ बाइट सर्वांत लांब पल्ल्याच्या, म्हणजे सर्वांत संथ गतीने हवेत पाठवायला? सूत्राने हिशोब केला तर सुमारे १८१० सहस्रांश सेकंद. शिवाय पाठवताना रेडिओ जो प्रवाह खेचतो, तो प्रोसेसरच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असतो. म्हणजे कूटलेखनाचे गणित एकूण खर्चाच्या एक हजारांश भागाइतकेही नाही. एईएसच्या जागी दुप्पट वेगवान पद्धत बसवली तर या यंत्राची सेल दहा वर्षांत फार तर दोन दिवस जास्त टिकेल!

आता उलट बाजू पाहा. लोरावॅनची मोहोर ४ बाइटांची आहे. नव्या मानकातली पूर्ण मोहोर १६ बाइटांची. बारा बाइट वाढले की तेच पत्र पाठवायला १८१० ऐवजी सुमारे २१४० सहस्रांश सेकंद लागतात. मानकातला जावक क्रमांकही १६ बाइटांचा. लोरावॅन त्यातले दोनच बाइट पाठवते आणि बाकीचा भाग दोन्ही टोकांनी मनात धरायचा असतो. एखाद्याने भाबडेपणाने पूर्ण क्रमांक प्रत्येक पत्रासोबत पाठवला, तर वेळ जातो सुमारे २६३० सहस्रांशांवर. सगळ्यात हलके कुलूप निवडूनही सेलचे आयुष्य दहा वर्षांवरून सातच्या आसपास आले. पैलवानाने घाम गाळून पाव किलो वजन उतरवावे आणि खांद्यावर धान्याचे पोते घेऊन तराजूवर उभे राहावे, तशातला हा प्रकार.

न्यायाने सांगायचे तर मानकात मोहोर छाटून लहान करण्याची सोय आहे, आणि जावक क्रमांक पुरताच पाठवा अशी सक्तीही नाही. पण हा निर्णय घेण्याइतके ज्ञान ज्याच्याजवळ नाही, त्यालाच तर मानकाची गरज असते. किती बाइट हवेत जातील, या प्रश्नाला अशा दस्तऐवजात पहिले पान मिळायला हवे होते.

दुसरा मुद्दा अपेक्षेचा. स्पर्धेच्या अटींत असे होते की एका किल्लीने निदान २ च्या ५० व्या घाताइतके बाइट हाताळता यायला हवेत. म्हणजे सुमारे ११ कोटी कोटी बाइट. आपला मीटर दर पंधरा मिनिटांनी २० बाइट पाठवतो असे धरा: दिवसाला ९६ पत्रे, १९२० बाइट, वर्षाला सुमारे ७ लाख. भागाकार करा. ही मर्यादा गाठायला त्याला १६० कोटी वर्षे लागतील! ज्या यंत्राला दहा वर्षांनी भंगारात जायचे, त्याच्या कुलपाने एवढ्या काळाची तयारी कशाला ठेवावी? याला उत्तर आहे: मानक एकच, पण ते मीटरलाही लागू आणि लाखो मीटरांची पत्रे गोळा करणाऱ्या केंद्रालाही. एकच माप सगळ्यांना शिवले की कोणाला तरी सैल होणारच. ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण मग 'तुटपुंज्या यंत्रांसाठी' या पाटीचा अर्थ थोडा पातळ होतो, हेही मान्य करायला हवे.

जावक क्रमांक कोण सांभाळणार?

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. आपल्या खेळात पाहिले की गुप्त आकडा पुन्हा वापरला तर कुलूप न फोडता माहिती गळते. अॅस्कॉनलाही हाच नियम लागू आहे: एका किल्लीखाली जावक क्रमांक पुन्हा येता कामा नये. मानक तसे बजावते. पण नियम पाळायचा कोणी? सेल बदलली, यंत्र नव्याने चालू झाले आणि त्याच्या स्मरणातला क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर? स्वस्त यंत्रांत हा प्रसंग नित्याचा आहे. दर पत्रानंतर क्रमांक कायमच्या स्मृतीत लिहावा म्हटले, तर त्या लिहिण्यालाही ऊर्जा लागते आणि ती स्मृती ठरावीक वेळाच लिहिता येते. शंभर-शंभर क्रमांकांची तुकडी आगाऊ राखून ठेवावी, सेल गेली तर उरलेले वाया जाऊ द्यावेत, असा साधा उपाय आहे. पण तो कुलपाच्या रचनेत नाही, वापरणाऱ्याच्या शहाणपणात आहे.

शेवटच्या दहांत रोम्युलस नावाची पद्धत होती. तिचा एक प्रकार मुद्दाम असा रचला होता की क्रमांक चुकून पुन्हा आला तरी नुकसान मर्यादित राहावे. तो प्रकार अर्थात जास्त खर्चिक होता. निवड करताना वेगाला झुकते माप मिळाले. माझ्या मते, ज्या यंत्रांकडे माणूस वर्षानुवर्षे फिरकत नाही, त्यांच्यासाठी चूक सोसणारे एक कुलूप मानकात असायला हवे होते. शाळेतल्या प्रयोगशाळेत आपण नाजूक उपकरण देत नाही, मुलांच्या हातून पडले तरी टिकेल असे देतो. तेच तत्त्व इथेही लागू आहे.

दार उघडे, कुलूप उत्तम

आता थोडे मागे सरून पाहू. छोट्या यंत्रांवरचे गाजलेले हल्ले कशामुळे झाले? गुप्त पद्धत आणि अपुरी किल्ली यांचे उदाहरण वर आलेच. दुसरे उदाहरण फिलिप्सच्या ह्यू दिव्यांचे. इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की या दिव्यांना दूरवरून नवी आज्ञावली चढवता येते, आणि एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात लागण पसरू शकते. तिथे कुलूप एईएसच होते, कोणी ते गणिताने फोडले नाही. दिवा काम करताना किती वीज खेचतो, याचे बारीक मोजमाप करून त्यांनी आतली किल्ली काढली. आणि ती किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना एकच होती! एका दिव्याने तोंड उघडले आणि सगळी आळी उघडी पडली. मोटारींच्या दूर-किल्ल्यांतल्या कीलॉक पद्धतीचीही २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी अशीच वीज मोजून फजिती केली होती.

त्याच २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरात त्यांच्याकरवी इंटरनेटच्या पत्त्यांची सेवा देणाऱ्या एका कंपनीवर इतका भडिमार केला की कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. त्याने कोणते कूटलेखन फोडले? कोणतेही नाही. त्याच्याजवळ कारखान्यातूनच येणाऱ्या साठेक नाव-परवलीच्या जोड्यांची यादी होती. लोकांनी त्या बदललेल्याच नव्हत्या.

या यादीत अॅस्कॉनने काय बदलले असते? मिराईच्या बाबतीत काहीच नाही. ह्यूच्या बाबतीत थोडे. वर ध्यानात ठेवायला सांगितलेला फायदा तो हा: कोष्टक नसल्यामुळे आणि फेरीतली क्रिया साधी असल्यामुळे, वीज मोजून किल्ली काढणाऱ्यांना चकवण्याचे उपाय अॅस्कॉनमध्ये एईएसपेक्षा बरेच स्वस्तात करता येतात. हा खरा गुण आहे, आणि माझ्या मते 'हलके' या विशेषणापेक्षाही हा गुण तिच्या निवडीचे चांगले समर्थन करतो. पण सगळ्या दिव्यांना एकच किल्ली देणारा कारखाना असेल, तर तिथे हेही अपुरेच.

मग निवड कशी करावी?

माझे मत असे. ज्या यंत्राच्या रेडिओ चिपमध्ये एईएस आधीच कोरलेले आहे, त्याने तेच वापरावे. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात आणि झिगबीत एईएसच आहे, त्यामुळे अशा चिपा सर्रास मिळतात. तिथे आज्ञावलीतून अॅस्कॉन चालवणे म्हणजे दारात नळ असताना विहिरीवर जाणे. वीजमीटरांसाठी जगभर रूढ असलेली आणि भारतीय मानकानेही स्वीकारलेली डीएलएमएस ही संवादपद्धतीसुद्धा १२८ बिटांचे एईएस वापरते, आणि मीटरला तर सेलचीही चिंता नाही. २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. एवढ्या घरांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न 'कुलूप कोणते' हा नाही. प्रत्येक मीटरला किल्ली वेगळी आहे का, ती कोणी बनवली, कोठे ठेवली, फुटली तर बदलायची कशी, हे विचारायला हवे. कारण मीटर फक्त आकडा पाठवत नाही. वीज तोडण्याची आज्ञाही स्वीकारतो.

अॅस्कॉनची खरी जागा वेगळी आहे. ज्याला सेलच नाही, वाचकयंत्राच्या लहरींतून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर जगायचे आहे, असे बिल्ले आणि कार्डे. ज्यात एईएस कोरलेले नाही असे साधे प्रोसेसर. आणि जी यंत्रे हल्लेखोराच्या हातात पडू शकतात, अशी उघड्यावरची साधने. तिथे ही निवड निःशंक चांगली आहे. मायफेअरच्या काळात अशी खुली, तपासलेली, पुरेशा किल्लीची पद्धत उपलब्ध असती, तर 'जागा नाही म्हणून गुप्त आणि आखूड कुलूप बसवले' ही सबब कोणाला सांगता आली नसती. ती सबब कायमची काढून घेतली, हे या मानकाचे मोठे काम.

थोडक्यात, पद्धत निवडणे हे शेवटचे सोपे पाऊल आहे. त्याआधी किल्लीचा, जावक क्रमांकाचा आणि हवेत जाणाऱ्या बाइटांचा हिशोब व्हायला हवा. मानक उत्तम आहे. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो प्रश्न यादीत पहिला नाही.

जाता जाता वर्गासाठी एक गणित. चार बाइटांची मोहोर अंदाजाने जुळवायची तर सुमारे ४३० कोटी शक्यता. एका पत्राला १.८ सेकंद धरले तर सगळ्या करून पाहायला किती वर्षे लागतील? उत्तर अडीचशेच्या जवळ आले की मुले म्हणतील, चार बाइट पुष्कळ झाले. मग विचारा: हल्लेखोराने एकाच मीटरऐवजी शहरातल्या एक लाख मीटरांवर एकदम प्रयत्न सुरू केला, आणि त्याला त्यांपैकी कोणताही एक चालणार असेल तर? आणि पत्र मीटरच्या वाचनाचे नसून वीज तोडण्याच्या आज्ञेचे असेल तर? मोहोर किती मोठी असावी, हे मग मुलांनाच ठरवू द्या.